स्तनाच्या कर्करोगावरील किरणोपचार : पाच आठवडे की तीन?

माहीमच्या किनाऱ्यालगतचे हिंदुजा रुग्णालय आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालय यांच्यातील अंतर थोड्या किलोमीटरांचे आहे. कर्करोगावर किरणोपचार करणारी मुंबईतील काही प्रमुख केंद्रे याच पट्ट्यात आहेत. लांब पल्ल्याच्या गाड्यांनी दादरला उतरणाऱ्या प्रवाशांत तपासण्यांचे जाड लिफाफे छातीशी धरलेली माणसे हटकून दिसतात. कोणी जळगावचे असते, कोणी नांदेडचे, कोणी थेट बिहार वा बंगालमधून आलेले. शस्त्रक्रिया पार पडल्यावर किरणोपचाराच्या विभागात पाऊल टाकताच त्यांचा पहिला प्रश्न बहुधा आजाराविषयी नसतो. तो असतो, “किती दिवस लागतील?”

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला या प्रश्नाचे उत्तर अनेक वर्षे एकच मिळत असे : पाच आठवडे, कधी सहाही. आज बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत तीन आठवडे पुरेसे आहेत, हे निरनिराळ्या देशांतील दीर्घ चाचण्यांनी सिद्ध झाले आहे. निवडक रुग्णांसाठी तर एका आठवड्याचा क्रमही वापरात आला आहे. असे असूनही एखाद्या विशिष्ट स्त्रीला पाच आठवडे सांगितले जातात की तीन, हे केवळ तिच्या आजारावर ठरत नाही. तिच्या डॉक्टरांचा विश्वास कोणत्या क्रमावर आहे यावरही ते ठरते. हा विश्वास कसा घडतो, तो बदलण्यास इतका काळ का लागला आणि गावाहून आलेल्या कुटुंबाला या दोन आठवड्यांच्या फरकाची किंमत काय पडते, हे समजून घेणे म्हणूनच उपयुक्त आहे.

किरणोपचार कशासाठी?

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. या रोगावरचा पहिला उपचार बहुधा शस्त्रक्रियेचा असतो. गाठ लहान असल्यास ती तेवढीच काढून स्तन राखता येतो. गाठ मोठी असल्यास किंवा अन्य कारणांमुळे संपूर्ण स्तन काढावा लागतो.

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांना वा सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या काही कर्कपेशी मागे राहण्याचा संभव असतो. त्यांचा नायनाट करण्यासाठी त्या भागावर किरणांचा मारा केला जातो. ग्रामीण भागात या उपचाराला ‘लाइट देणे’ किंवा ‘शेक देणे’ असे म्हणतात. त्याचे महत्त्व किती, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासावरून कळते. स्तन राखण्याची शस्त्रक्रिया झालेल्या १०,८०१ स्त्रियांची माहिती त्यात तपासण्यात आली. किरणोपचार न घेतलेल्यांपैकी ३५ टक्के स्त्रियांमध्ये १० वर्षांच्या आत रोग पुन्हा उद्भवला. किरणोपचार घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास होते. १५ वर्षांच्या काळात मृत्यूही कमी झाले. स्तन राखायचा तर किरणोपचार टाळता येत नाही, असा नियम सर्वसाधारणपणे पाळला जातो तो यामुळेच. संपूर्ण स्तन काढल्यावरही गाठ मोठी असेल अथवा काखेतील ग्रंथींत रोग पोहोचला असेल, तर किरणोपचाराची गरज पडते. आपल्याकडे अनेक स्त्रिया उशिरा रुग्णालयात येतात, त्यामुळे अशा रुग्णांची संख्या मोठी आहे.

रोज थोडे थोडे का?

किरणांनी कर्कपेशी मरतात, तशी निरोगी पेशींनाही इजा होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी डॉक्टर एकाच वेळी मोठी मात्रा देत असत आणि त्यामुळे कातडी जळून जात असे. पॅरिसमध्ये क्लॉद रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग करून दाखविले की, तीच मात्रा तुकड्यातुकड्यांनी अनेक दिवसांत दिली तर हवा तो परिणाम साधतो आणि वरची त्वचा वाचते. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी १९२० नंतरच्या काळात घशाच्या कर्करोगावर ही पद्धत यशस्वीपणे वापरली. तेव्हापासून ‘थोडे थोडे, पण पुष्कळ दिवस’ हे किरणोपचाराचे सूत्र बनले. दोन मात्रांमधल्या वेळात निरोगी पेशी आपली डागडुजी करून घेतात आणि कर्कपेशींना ते तितकेसे जमत नाही, असा त्यामागचा विचार.

किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. स्तनाच्या कर्करोगासाठी जो क्रम रूढ झाला त्यात रोज २ ग्रे याप्रमाणे २५ दिवसांत एकूण ५० ग्रे मात्रा दिली जाई. शनिवार-रविवार यंत्रे बंद असल्याने २५ दिवसांचे पाच आठवडे होत.

पुढे असे दिसून आले की, सर्व कर्करोग या बाबतीत सारखे नाहीत. घशाच्या कर्कपेशी दैनिक मात्रेच्या लहान-मोठेपणाकडे फारसे लक्ष देत नाहीत, स्तनाच्या कर्कपेशी मात्र देतात. त्यांचे वर्तन या बाबतीत जवळजवळ निरोगी ऊतींसारखेच असते. रोजची मात्रा थोडी वाढवली तर त्यांच्यावर आघात अधिक होतो. म्हणून एकूण मात्रा कमी करूनही तोच परिणाम मिळू शकतो आणि एकूण मात्रा कमी झाल्याने निरोगी भागाचीही हानी वाढत नाही. तीन आठवड्यांच्या क्रमात रोज सुमारे २.६७ ग्रे याप्रमाणे १५ दिवसांत ४० ग्रे दिले जातात. पन्नासाचे चाळीस झाले म्हणजे औषध कमी पडले, असे त्याचे गणित नाही. हा मुद्दा नीट समजला नाही, तर कमी दिवस म्हणजे अर्धवट उपचार असा गैरसमज होतो. तो सुशिक्षितांतही पुष्कळ आढळतो.

चाचण्यांनी काय दाखविले?

कॅनडामध्ये १९९३ ते १९९६ या काळात १,२३४ स्त्रियांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला ५० ग्रे २५ दिवसांत, तर दुसऱ्याला ४२.५ ग्रे १६ दिवसांत देण्यात आले. १० वर्षांनंतर त्याच स्तनात रोग परतण्याचे प्रमाण पहिल्या गटात ६.७ टक्के व दुसऱ्या गटात ६.२ टक्के होते. ब्रिटनमधील २,२१५ स्त्रियांच्या चाचणीत पाच आठवड्यांच्या क्रमाची तुलना ४० ग्रे, १५ दिवस या क्रमाशी केली गेली. तिचे १० वर्षांचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग परतण्याचे प्रमाण लांब क्रमात ५.५ टक्के, तर आखूड क्रमात ४.३ टक्के होते, आणि स्तनावरील दूरगामी दुष्परिणाम आखूड क्रमात कमी आढळले.

या चाचण्यांतील बहुतेक स्त्रियांचे स्तन राखलेले होते. भारतीय डॉक्टरांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न संपूर्ण स्तन काढलेल्या, रोग पुढे गेलेल्या स्त्रियांचा होता. त्याचे उत्तर बीजिंगहून आले. तेथे अशा ८२० स्त्रियांमध्ये ५० ग्रे २५ दिवसांत आणि ४३.५ ग्रे १५ दिवसांत अशी तुलना झाली. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांत छातीवर किंवा जवळच्या ग्रंथींत रोग परतण्याचे प्रमाण अनुक्रमे ८.१ व ८.३ टक्के, म्हणजे समानच होते.

त्याच्याही पुढचे पाऊल ब्रिटनमधील ‘फास्ट-फॉरवर्ड’ या चाचणीने टाकले. ४,०९६ रुग्णांच्या या चाचणीत तीन आठवड्यांच्या क्रमाची तुलना केवळ पाच दिवसांच्या क्रमाशी करण्यात आली. पाच दिवसांत एकूण २६ ग्रे घेतलेल्यांमध्ये पाच वर्षांनी त्याच स्तनात रोग परतण्याचे प्रमाण १.४ टक्के, तर तीन आठवडे घेतलेल्यांमध्ये २.१ टक्के होते. हे निष्कर्ष २०२० च्या वसंतात, नेमके कोविडच्या साथीच्या ऐन भरात, प्रसिद्ध झाले. रुग्णालयात येणेच धोक्याचे ठरलेल्या त्या काळात अनेक देशांतील डॉक्टरांनी योग्य रुग्णांसाठी एका आठवड्याचा क्रम स्वीकारला. भारतीय स्त्रियांमध्ये एक आठवडा आणि तीन आठवडे यांची तुलना करणारी चाचणी कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने त्याआधीच, २०१९ मध्ये हाती घेतली होती.

डॉक्टर का कचरले?

इतका पुरावा असताना सर्वांनी एकदम आखूड क्रम स्वीकारला असेल, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात तसे घडले नाही. अमेरिकेत ज्या रुग्णांसाठी तो क्रम निःसंशय योग्य ठरला होता, त्यांच्यापैकीही २००८ मध्ये जेमतेम ११ टक्क्यांना आणि २०१३ मध्ये ३५ टक्क्यांच्या आसपास रुग्णांना तो मिळाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत शंभराहून अधिक देशांतील सुमारे २,३०० किरणोपचारतज्ज्ञांना त्यांची पसंती विचारण्यात आली. स्तन राखलेल्या आणि ग्रंथींत रोग नसलेल्या स्त्रीसाठी ८२ टक्के डॉक्टरांनी आखूड क्रम पसंत केला. ग्रंथींत रोग पोहोचला असल्यास मात्र ही पसंती ४७ टक्क्यांवर उतरली. कारणे विचारली असता दीर्घकालीन माहितीचा अभाव, रोग परतण्याची भीती आणि दुष्परिणामांची चिंता ही प्रामुख्याने पुढे आली.

या चिंतेला इतिहास आहे. ब्रिटनमध्ये १९७० व १९८० च्या दशकांत काही ठिकाणी दिवसांची संख्या कमी करून रोजची मात्रा वाढविण्यात आली होती. परंतु त्या प्रमाणात एकूण मात्रा पुरेशी उतरविली गेली नव्हती, आणि मात्रेची आखणीही आजच्यासारखी अचूक नव्हती. काही स्त्रियांच्या खांद्याजवळून हाताकडे जाणाऱ्या नसांना त्यामुळे कायमची इजा झाली. हात लुळा पडला, वेदना जन्मभर राहिल्या. ही इजा उपचारानंतर अनेक वर्षांनी प्रकट होते, आणि तोवर डॉक्टरांच्या हातात काही उरलेले नसते. त्या स्त्रियांनी पुढे संघटना उभारून चौकशीची मागणी केली. किरणोपचाराच्या एका पिढीने हा धडा मनात कोरून घेतला : मोठी दैनिक मात्रा म्हणजे उद्याचे संकट. नव्या चाचण्यांतील आखूड क्रम हा त्या जुन्या क्रमाहून मूलतः वेगळा आहे, कारण त्यात एकूण मात्रा हिशेबाने उतरविलेली आहे. तरीही ज्यांनी असा हात पाहिला आहे त्यांचा संकोच केवळ जुनाटपणाचा म्हणून झटकून टाकणे न्याय्य होणार नाही.

दुसरे कारण रुग्णांमधील फरकाचे. पाश्चात्त्य चाचण्यांतील स्त्री बहुधा वयाने मोठी, गाठ लहान असलेली आणि स्तन राखलेली होती. परळच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेली स्त्री पुष्कळदा चाळिशी-पंचेचाळिशीची असते, तिची गाठ मोठी असते आणि काखेतील ग्रंथींवरही मात्रा द्यावी लागते. तिकडचा निष्कर्ष इकडे लावावा का, हा प्रश्न रास्त होता. बीजिंगच्या चाचणीनंतर त्याची धार बरीच बोथट झाली. अमेरिकेतील किरणोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये संपूर्ण स्तनावरील उपचारासाठी वयाची आणि रोगाच्या टप्प्याची अट न घालता आखूड क्रमाची शिफारस केली.

तिसरे कारण पैशाचे आहे. ते कोणी फारसे उघडपणे बोलत नाही. ज्या देशांत प्रत्येक दिवसाच्या उपचाराचे वेगळे शुल्क आकारले जाते, तेथे दिवस कमी झाले की उत्पन्न घटते. ब्रिटनसारख्या सरकारी खर्चाने चालणाऱ्या व्यवस्थेत तीन आठवड्यांचा क्रम लवकर रूढ झाला आणि अमेरिकेत तो रेंगाळला, यात योगायोग किती व हिशेब किती हे वाचकांनी ताडावे. गर्दीने भरलेल्या सार्वजनिक रुग्णालयांचा कल नेमका उलट असतो. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत तीन आठवड्यांचा क्रम पुष्कळ वर्षांपासून वापरात आहे. रांग मोठी आणि यंत्रे थोडी अशी स्थिती असेल तर गरजच निर्णय घेते.

यंत्राचा हिशेब अगदी सोपा आहे. समजा, एका यंत्रावर ७५ वेळा उपचार करण्याइतका वेळ उपलब्ध आहे. २५ दिवसांच्या क्रमाने त्यात तीन स्त्रियांचा उपचार पूर्ण होईल, १५ दिवसांच्या क्रमाने पाच स्त्रियांचा आणि पाच दिवसांच्या क्रमाने १५ स्त्रियांचा. देशात किरणोपचाराची यंत्रे गरजेपेक्षा पुष्कळच कमी आहेत, आणि जी आहेत ती मोठ्या शहरांत एकवटली आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र तयार केले आणि त्यातील पहिले २००५ मध्ये खारघरच्या टाटा केंद्रात बसविले गेले, त्यामागे हीच उणीव होती. नवे यंत्र उभारण्यास कोट्यवधी रुपये आणि काही वर्षे लागतात. उपचाराचा क्रम बदलण्यास मुख्यतः डॉक्टरांच्या मनाची तयारी लागते.

परळचा अनुभव

टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. देशात स्तन राखण्याच्या उपचाराचा पाया घालण्यात या रुग्णालयाचा मोठा वाटा आहे. पुढे रुग्णालयाच्या संचालक झालेल्या किरणोपचारतज्ज्ञ डॉ. केतायून दिनशॉ आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० ते २००० या काळात अशा प्रकारे उपचार केलेल्या १,०२२ स्त्रियांचा अनुभव २००६ मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय स्त्रियांमध्येही स्तन सुरक्षितपणे राखता येतो, हे त्यातून दिसले. त्या काळी अर्थातच पाच आठवड्यांचा क्रम होता, आणि त्यावर गाठीच्या जागेला अधिकची मात्रा.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. स्तन राखणे म्हणजे किरणोपचार घेणे आणि किरणोपचार म्हणजे मुंबईतील दीर्घ मुक्काम, ही साखळी पुष्कळ स्त्रियांच्या निर्णयामागे असते. गाठ लहान असूनही ‘सगळेच काढून टाका, म्हणजे लाइट घ्यावा लागणार नाही’ असे सांगणारी स्त्री अथवा तिचा नवरा प्रत्येक शल्यविशारदाला भेटतो. येथे सौंदर्याची हौस वा बेफिकिरी असा प्रश्न नसतो. पेरणीचे दिवस, शाळकरी मुले, दारातील जनावरे आणि हातातले पैसे यांचा तो हिशेब असतो. मुक्काम पाच आठवड्यांवरून तीनवर वा एकावर आला की हा हिशेब बदलतो, आणि राखता येण्याजोगा स्तन राखला जाण्याची शक्यता वाढते. डॉक्टरांची पसंती रुग्णाच्या शरीरावर अशी दूरवर परिणाम करते.

मुक्कामाचे दिवस

प्रत्यक्ष उपचार रोज १०-१५ मिनिटांचा असतो. यंत्रातून किरण सुटतात ते तर काही मिनिटेच. उरलेला दिवस जागा राखण्यात, वाट पाहण्यात आणि जेवणाची सोय लावण्यात जातो. शनिवार-रविवारी सुटी असली तरी लातूर वा धुळ्याला जाऊन परत येणे परवडत नाही. त्यामुळे २५ दिवसांचा उपचार म्हणजे प्रत्यक्षात ३३-३४ दिवसांचा मुक्काम, तोही दोन माणसांचा. सोबत आलेला पती वा भाऊ रोजंदारीवर असेल तर तितक्या दिवसांची मजुरी बुडते.

दादर पूर्वेची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, टाटा केंद्राचे वांद्रे येथील डॉ. अर्नेस्ट बोर्जेस स्मारक गृह या संस्था बाहेरगावच्या रुग्णांना अल्प दरात आसरा देतात. त्यांचे कार्य मोठे आहे. मात्र येणाऱ्यांची संख्या त्यांच्या खाटांहून कितीतरी अधिक असते. ज्यांना जागा मिळत नाही ते नातेवाइकांच्या खोलीत माहीम-धारावीला किंवा दूर उपनगरात राहतात. काही जण परळच्या पदपथावरही दिवस काढतात. ताज्या जखमेची आणि केमोथेरपीने थकलेली स्त्री गर्दीच्या लोकलमधून रोज ये-जा करते, तेव्हा दहा दिवस कमी होणे म्हणजे वीस प्रवास कमी होणे. उपचार मध्येच सोडून गावी निघून जाण्याचे प्रकार घडतात, त्यांमागेही बहुतेक वेळा मुक्कामाचा ताण असतो. अर्धवट सोडलेला उपचार हा मात्र खरोखरच अपुरा उपचार असतो. मधल्या खंडामुळे रोग परतण्याचा धोका वाढतो.

गावपातळीवर काय माहीत असावे?

शाळेतील शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि आशा कार्यकर्त्या यांच्याकडे अशी कुटुंबे सल्ल्यासाठी येतात. आखूड क्रम प्रत्येकीला चालतो असे नाही, हे प्रथम सांगावे. स्तनाची पुनर्रचना झालेली असल्यास, ग्रंथींवर मोठ्या क्षेत्रात मात्रा द्यायची असल्यास किंवा त्या भागावर पूर्वी कधी किरणोपचार झाले असल्यास डॉक्टर वेगळा विचार करू शकतात. एका आठवड्याच्या क्रमाबाबत ही सावधगिरी अधिक असते. वयाने तरुण स्त्रियांना गाठीच्या जागेवर काही दिवस अधिकची मात्रा दिली जाते, तेव्हा १५ चे १९-२० दिवस होऊ शकतात. परंतु पाच आठवडे सांगितले गेले असतील, तर ‘तीन आठवड्यांचा क्रम हिला चालेल का? चालत नसल्यास का?’ असे नम्रपणे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. बहुतेक डॉक्टर त्याचे नीट उत्तर देतात. टाटा केंद्राच्या पुढाकाराने २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमुळे देशातील अनेक रुग्णालये समान मार्गदर्शक सूत्रांकडे वळत आहेत, हेही साहाय्यक ठरते.

कमी दिवसांचा क्रम म्हणजे गरिबांचा स्वस्त उपचार, ही समजूत काढून टाकण्याची गरज आहे. लंडनमध्ये आणि माहीमच्या खासगी रुग्णालयात ज्या मात्रा विचारात घेतल्या जातात, त्याच येथे अभिप्रेत आहेत. कातडी लाल होणे, थकवा येणे हे तात्कालिक त्रास आखूड क्रमात लांब क्रमापेक्षा कमीच आढळले आहेत. उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. तिने लेकराला जवळ घेण्यास, स्वयंपाक करण्यास वा इतरांसोबत जेवण्यास काहीही हरकत नाही. अशा स्त्रीचे अंथरूण आणि भांडी वेगळी केल्याची उदाहरणे अद्यापि आढळतात. शिक्षकांनी वर्गात दोन वाक्ये सांगितली तरी घरोघरी त्याचा उपयोग होईल. छातीवर काढलेल्या शाईच्या खुणा मात्र उपचार संपेपर्यंत घासून पुसू नयेत, कारण त्यांच्याच आधारे रोज यंत्राची दिशा ठरते.

खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांतून किरणोपचाराचा समावेश आहे. २०१२ मध्ये वेगळ्या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना २०१७ पासून या नावाने चालते. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ मध्ये घेतला. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका आणि ओळखीची कागदपत्रे घेऊन प्रथमच जावे. नावातील चूक मुंबईत लक्षात आली तर दुरुस्तीसाठी गावी परतावे लागते, आणि नियोजन केलेले दिवस वाया जातात. दाखल्यावरील नाव, शिधापत्रिकेवरील नाव आणि आधारपत्रावरील नाव जुळते की नाही, हे ग्रामपंचायतीत बसून पाच मिनिटांत तपासता येते. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगग्रस्तांना रेल्वेत शयनयान व तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात पूर्ण, तर सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाने विहित नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र लागते. मुंबईस निघण्यापूर्वी जवळच्या केंद्राची चौकशी करणेही इष्ट. बार्शीसारख्या ठिकाणी, तसेच छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे कर्करोगाची रुग्णालये आहेत, आणि आखूड क्रम तेथेही देता येतो.

उपचाराच्या अखेरच्या दिवशी रुग्णालयाकडून एक सारांशपत्र मिळते. शरीराच्या कोणत्या भागावर, एकूण किती ग्रे, किती दिवसांत व कोणत्या तारखांना मात्रा दिली, हे त्यात नमूद असते. ते इंग्रजीत असते आणि म्हणून पुष्कळदा ट्रंकेच्या तळाशी जाऊन पडते. हा कागद आयुष्यभर जपावा. पुढे कधी त्याच बाजूला उपचाराची वेळ आली, तर आधीची मात्रा कळल्याखेरीज कोणताही डॉक्टर नवी मात्रा ठरवू शकत नाही. आणि ५० ग्रे २५ दिवसांत की ४० ग्रे १५ दिवसांत, हा तपशील रुग्णाच्या आठवणीतून मिळत नाही, तो त्या कागदावरच असतो.